तुडूम असलेला समुद्र

आमच्या घरात मासोळ्यांच्या वासाला मागे टाकील अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे रंगात घालायचा सरस. बाबा पत्र्याच्या डब्यात सरस घालून चुलीवर ठेवत आणि तो उकळायला लागला की माय पदर नाकाला लावून अंगणात जाऊन बसे. "मेल्या ढोराचे खुर कढवून राह्यले आमचे बुवा," येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगे, "या बाप्पा, जेवाले या!" बाबा आत हसत. तिच्या तोडीचं उत्तर त्यांना देता येत नसे. सगळं बोलणं मायच्या वाट्याला आलं होतं आणि सगळं चित्र बाबांच्या. दोन खोल्यांचं मातीचं घर, आढ्याला टांगलेली जाळी, वारा आला की जाळ्याच्या काठाला बांधलेल्या भाजक्या मातीच्या गोळ्या एकमेकींवर आपटून टकटक करायच्या. तो आवाज मला इतका सवयीचा होता की ब्रह्मपुरीला खोली करून राहायला गेले तेव्हा पहिले आठ दिवस झोप लागली नाही. शांतता टोचायची.

आम्ही ढिवर. तलाव हेच आमचं शेत. गावाच्या वरच्या अंगाला जुना मोठा तलाव, त्याची उंच पाळ, पाळीवर बाभळी आणि सिंदीची झाडं, पाळीच्या पोटात पाणी सोडायचं दगडी तोंड, त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. तुडूम उघडलं की खालच्या धानाला पाणी. बाबा पहाटे डोंगा घेऊन जात, एका खोडाचा कोरलेला डोंगा, त्यात दोन माणसं नीट बसली तर बसली, तिसऱ्यानं शिंकलं की सगळे पाण्यात. येताना मरळ, रोहू, कधी नुसते झिंगे. माय टोपली डोक्यावर घेऊन जीपने ब्रह्मपुरीच्या बाजारात जाई. घरी उरे ती बारीकसारीक मासोळी. ती अंबाडीच्या भाजीत घालून माय जे कालवण करी, त्याची चव मला पुढे कुठल्याही खानावळीत, कुठल्याही लग्नात मिळाली नाही. माझ्या सुना म्हणतात, रेसिपी सांगा. काय सांगू? तिच्या हाताला तलावाचं पाणी लागलेलं असायचं, ते कुठून आणू.

मी आमच्या मोहल्ल्यातली पहिली बारावी पास आणि पहिली कॉलेजात गेलेली. हे मी मिरवूनच सांगते, आणि मिरवायलाच पाहिजे. पोरीला शिकवून काय करतो, असं बाबांना विचारणारी माणसं पुढे माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येऊन बसली. पण हे प्रकरण मिरवण्याचं नाही.

बाबांच्या हातात चित्र कुठून आलं, कोणाला माहीत नाही. लग्नघरी भिंतीवर हत्ती, घोडे, भालदार-चोपदार काढायला त्यांना आजूबाजूच्या गावांतून बोलावणं येई. पोळ्याला बैलांच्या शिंगांवर ते वेल काढत. सिंदीच्या काडीचं टोक ठेचून ब्रश करत. रंग म्हणजे नीळ, गेरू, पिवळी पेवडी, काजळ आणि चुना, बस. त्यांचे हत्ती थोडे म्हशीसारखे दिसायचे, कारण हत्ती त्यांनी सर्कशीच्या कागदावरच पाहिला होता. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की मंडई नावाची जत्रा भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. मंडई म्हटली की नाटक आलंच. पडदे वडशाहून भाड्यानं यायचे: राजवाडा, जंगल, रस्ता, दिवाणखाना. त्या वर्षी आमच्या मंडळाने जे नाटक घेतलं त्यातली नायिका समुद्रकाठच्या कोळ्याची पोर होती. मंडळाचे पुढारी वामनभाऊ, किराणा दुकानाचे मालक आणि दरवर्षीचे हिरो, वडशाला जाऊन हात हलवत परत आले. समुद्राचा पडदा कोणाकडेच नव्हता. ते सरळ आमच्या अंगणात आले.

"डोमाभाऊ, तुमी ढिवर. पान्याचं तुमाले समजते. तुमीच काढा गा समुद्र."

"मी कुठी पाह्यला समुद्र?"

"मी तरी राजवाडा कुठी पाह्यला? दरसाली राजा बनतो का नाई?"

बाबांनी सरसाचा डबा खाली काढला. शिंप्याने मांजरपाटाचे पट्टे जोडून शिवून दिले. दिवाळीच्या सुट्टीमुळे शाळा बंद होती, तिच्या लांब व्हरांड्यात कापड अंथरलं गेलं, त्यावर खडू आणि सरसाचा हात बसला. मी सुट्टीत घरी आले त्या दिवशी बाबांनी मला पहिला प्रश्न केला तो हा: "बाई, तुनं पुस्तकात वाचलं असन. समुद्राले पाळ असते का?"

मी हसले. "समुद्राला कशाची पाळ, बाबा!"

"मंग पानी थांबते कसं?"

मला सांगता आलं नाही. आजही नीट सांगता येईल असं वाटत नाही. त्या वयात मात्र मला एवढंच कळलं की बाबांना काही माहीत नाही. मी स्वतःही समुद्र पाहिलेला नव्हता. माझा समुद्र कॉलेजजवळच्या चहावाल्याकडच्या कॅलेंडरवरचा होता.

चार दिवसांत त्यांनी पडदा काढला. तो कसा होता ते मी आता सांगू शकते, तेव्हा मला तो दिसलाच नव्हता. खाली पिवळी वाळू, वर निळं पाणी, आणि मधल्या पट्ट्यात माणसंच माणसं. सालातून एकदा सगळा मोहल्ला मिळून तलावावर जातो, सगळ्यांची जाळी एकत्र ओढली जातात, मग पाळीखाली मासोळ्यांचे वाटे घालतात. घरटी एक वाटा, आणि ज्या घरात ओढायला माणूस उरला नाही त्याचाही एक. बाबांनी तो दिवस काढला होता. डोंगे काठाला ओढलेले, एक उलटा पडलेला आणि त्यावर पोरं चढलेली. बायांनी लुगडी खोचलेली. म्हातारा सोमा विडी पेटवतोय. वाटे घातलेले, प्रत्येक वाट्याजवळ त्या त्या घरचा माणूस. बाबांना नाक-डोळे नीट जमत नसत, पण उभं राहणं जमे. पाठीवरून, कमरेवरून, टोपली धरायच्या पद्धतीवरून माणूस ओळखू येई. आणि सगळ्यांच्या पुढे, अगदी मधोमध, पाय पसरून टोपलीमागे बसलेली, तोंड उघडं, हात वर: माझी माय. ब्रह्मपुरीच्या बाजारात बसते तशीच. उजव्या कोपऱ्यात, समुद्राच्या कडेला, एक दगडी तुडूम.

"हे काय?" मी विचारलं.

"एवढं पानी," बाबा म्हणाले, "सोडाले तुडूम तं लागनच."

नोकरीत असताना शाळेची सहल घेऊन मी कोकणात गेले आणि एका गावी सकाळच्या वेळी होड्या किनाऱ्याला लागताना पाहिल्या. पोरांना खाऊ वाटून मी बाजूला जाऊन उभी राहिले. तोच गलका, तेच वाटे, टोपलीमागे बसून भांडणाऱ्या बाया, उलट्या होडीवर चढलेली पोरं. तुडूम तेवढं नव्हतं. बाकी सगळं बाबांनी न पाहता काढलं होतं.

तर त्या चार दिवसांत मोहल्ल्यातली माणसं शाळेत येऊन स्वतःला शोधत होती. "हा मी होय का गा? येवढं पोट हाये का माह्यं?" "पोट कमीच काढलं डोमानं, लाज राखली तुयी." पोरं ओरडायची, बाया हसायच्या. फक्त एक बाई हसायची नाही. ती पारबताकाकू.

पारबताकाकू आमच्या शेजारची. तिचा नवरा लटारीकाका बाबांचा जोडीदार, दोघं एकाच डोंग्यात जायचे. दोन वर्षांपूर्वी हिवतापाने तो गेला. मतदार कार्डाचे फोटो काढायला माणसं गावात आली, ती त्याच्यानंतरच्या वर्षी. लग्नात फोटोवाला नव्हताच. त्यामुळे लटारीकाकाचा चेहरा कुठेही नव्हता. काकूच्या घरच्या वाट्याजवळ बाबांनी काकूला उभं केलं, आणि तिच्या मागे, डोंग्याला टेकून, एक हात कमरेवर, दुपट्टा डोक्याला उलटा गुंडाळलेला, मान थोडी डावीकडे कललेली, लटारीकाकाला. बोटभर माणूस. पण पाहणारा थबकायचा. मीही थबकले होते, हे मला कबूल करायला पाहिजे. तोच होता.

काकू सकाळी धान कापायला जायच्या आधी यायची आणि संध्याकाळी परतताना यायची. व्हरांड्याच्या पायरीवर बसायची. "मी काई हात लावत नाई, डोमाभाऊ. बसतो नुसता." एकदा मी तिथे असताना ती माझ्याशी बोलली. "पाय सुनंदे, मान तशीच वाकडी ठेवली तुया बापानं. मी किती डाव म्हनो, सरळ ठेवा मान, भूत लागल्यावानी दिसता." मग म्हणाली, "मले त्याइचं तोंड याद येत नोहतं. घराच्या घरात याद येत नोहतं. आता येते." भाऊबीजेला ती भावाकडे जाणार होती. मंडईच्या दिवशी भावाला सोबत आणणार होती, पडदा दाखवायला. त्याने मेहुण्याला शेवटचं पाहिलं नव्हतं.

हे सगळं मला माहीत होतं. मी हे मुद्दाम लिहिते, कारण इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की माझं वय लहान होतं. एकोणीस वर्षांची होते. लहान नव्हते.

कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या आमच्या मॅडम नागपूरच्या होत्या. त्यांना झाडीपट्टीचं नाटक पाहायचं होतं. वर्गात त्यांनी विचारलं, कोणाच्या गावी मंडई आहे? माझा हात सगळ्यांत आधी वर गेला. मॅडम आणि माझ्या तीन मैत्रिणी येणार ठरलं. मी ऐटीत सांगितलंही होतं, आमच्या नाटकाला यंदा समुद्राचा पडदा असणार आहे. तो कुठे, कोण करतंय ते सांगितलं नव्हतं. आणि एक गोष्ट त्यांना मुळीच सांगितली नव्हती. मॅडम दर रविवारी बाजारात मरळ घ्यायच्या. कोणाकडून, ते मी लांबून पाहिलं होतं. मायशी घासाघीस करताना त्या हसायच्या, माय त्यांना "मॅडमबाई" म्हणायची आणि दोघींपैकी एकीलाही माहीत नव्हतं की मी बांगडीच्या दुकानाआड उभी आहे. मॅडमच्या जेवणाची सोय मी वामनभाऊंच्या घरी लावली होती. घरी सांगितलं, आपल्याकडे जागा कमी पडेल.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी पडदा पूर्ण झाला आणि मी तो पहिल्यांदा आख्खा पाहिला. मधोमध माय. बाजारात बसते तशी, मॅडमना पाहताक्षणी ओळखू येईल अशी.

बाबा ब्रश धूत होते. मी म्हटलं, "बाबा, हे चुकलं."

"काय चुकलं?"

"समुद्र असा नसतो."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "तुडूम मिटवतो मंग. गेरूचा हात मारला का झालं."

"तुडूमच नाही. डोंगे समुद्रात चालत नाहीत. तिथे शिडाच्या होड्या असतात."

"डोंग्याले शिडं लावतो. मांगून दिसतीन."

"माणसं पण नसतात एवढी."

बाबांनी ब्रश पाण्यातून काढला. "मानसं नसतीन तं मच्छी कोन धरते, बाई?"

मी पिशवीतून कॅलेंडर काढलं. चहावाल्याकडून जुनं मागून आणलं होतं. निळंभोर पाणी, दोन पांढरी शिडं, एक वाकडं नारळाचं झाड, मावळता सूर्य. माणूस एकही नाही. "असा असतो," मी म्हटलं. "कॉलेजातल्या मॅडम येणार आहेत. त्यांनी समुद्र पाहिलेला आहे. त्या हसतील. गावाचं नाव जाईल."

गावाचं नाव. किती सहज आलं तोंडात.

बाबांनी कॅलेंडर हातात घेतलं. दूर धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "समुद्राचंच हाये न, बाई? दुसरं काई नाई न?"

"समुद्राचंच," मी म्हटलं.

"मंग ठीक हाय. तू शिकली. तुले मालूम."

सरसाच्या रंगावर एखादा हात चालतो, पण आख्खं दुसरं चित्र बसत नाही. खालचा ओला होऊन वर येतो आणि सगळा चिखल होतो. पडदा धुवावा लागणार होता. भाऊबीजेच्या सकाळी बाबांनी आणि मायने तो गुंडाळून खांद्यावर घेतला, मी मागचं टोक धरलं, आणि आम्ही तलावाच्या घाटावर गेलो. काकू पहिल्या जीपने भावाकडे निघून गेली होती. मोहल्ल्यातल्या बाकीच्या बायाही माहेरच्या गडबडीत. घाटावर आम्ही तिघंच. बाबांनी कापडाचं एक टोक पाण्यात सोडलं. खडू लगेच सुटला. पांढरं, मग निळं, मग गेरूचं तांबडं पाणी पायऱ्यांवरून घसरत गेलं. वाळूचा पिवळा रंग सगळ्यांत शेवटी गेला. माय गुडघाभर पाण्यात उभी राहून कापड दगडावर आपटत होती आणि तोंडाने तिचं चालू होतं.

"चार पोरी पाहतीन म्हनून आपले मानसं धुवाले लावले तुनं."

"माय, समुद्र चुकला होता..."

"समुद्राले काय धाड भरली? मी चुकलो होतो." तिने कापड पुन्हा आपटलं. "जेवन वामनच्या घरी, पडदा क्यालेंडरचा. मले तरी घरात राहू देशीन का बाहेर बांधशीन त्या दिशी?"

"गप वो," बाबा म्हणाले.

"मी काऊन गप राहू? माह्यं तोंड तं धुतलंच न तुमी!" आणि ती हसली. माय अशीच होती, रागात असली तरी स्वतःच्या बोलण्यावर स्वतःच हसायची. बाबा हसले नाहीत. काकूच्या वाट्याचा भाग आला तेव्हा त्यांनी कापड मायच्या हातातून घेतलं. आपटलं नाही. पाण्याखाली धरून, तळव्याने हळूहळू चोळलं, लेकराची पाठ धुवावी तसं. मी तेव्हाही म्हणू शकले असते: थांबा. तो तेवढा तुकडा कापून ठेवता आला असता. वीतभर कापड. वामनभाऊंनी दुसरं ठिगळ दिलं असतं. एवढी साधी गोष्ट तीन माणसांपैकी एकालाही सुचली नाही, असं नाही. बाबांना सुचली असणार. पण मी शिकलेली होते, मी सांगायची त्यांनी वाट पाहिली. मी पाण्याकडे पाहत उभी राहिले.

नवा पडदा दीड दिवसात झाला. कॅलेंडरवरचं जसंच्या तसं. बाबांनी त्यात स्वतःचं काहीही घातलं नाही.

मंडईच्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नव्हती. जिलेबीच्या कढया, आलुबोंडे, फुगे, गोंडी नाचाचे ढोल. घरोघरी लाखोरी डाळीच्या वड्यांचा वास. दिवस कलताना नारळ फोडून पडदा लावायचा असतो, तेव्हा सगळं गाव मंडपात जमतं. मॅडम पुढच्या खुर्चीवर बसल्या होत्या, मैत्रिणी शेजारी. माय आली नव्हती. "मले काम हाये," म्हणाली होती. दोरी ओढली आणि पडदा सरसर उलगडला. निळंभोर पाणी, दोन शिडं, नारळ, सूर्य. कोणीतरी शिट्टी मारली. मग मोहल्ल्याच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. म्हातारा सोमा मोठ्याने म्हणाला, "अन् आमी कुठी गेलो गा?" काही जण हसले.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "छान आहे गं. वडशाहून मागवलाय का?"

"हो," मी म्हटलं.

बाबा माझ्या मागे, हातभर अंतरावर, दोरी धरून उभे होते.

नाटक मध्यरात्री उभं राहणार होतं, तेवढं थांबता येईना म्हणून मॅडम मैत्रिणींसह जेवून शेवटच्या जीपने परत गेल्या. मी त्यांना सोडून मंडपाकडे आले तेव्हा पारबताकाकू रंगमंचाच्या खाली उभी होती. नवं लुगडं नेसलेली, भावाने भाऊबीजेला घेतलेलं. शेजारी तिचा भाऊ, हातात टोपी. ती पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, पुन्हा परत आली. मग बाबांना पाहिलं.

"डोमाभाऊ, हे कुठी गेले?"

मी दहा पावलांवर होते. बाबांनी मला पाहिलं होतं.

"सरस कच्चा राह्यला, वैनी," ते म्हणाले. "रंग फुटला. धुवा लागला."

"अख्खा?"

"अख्खा."

काकूने भावाकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, "जाऊ दे वो बाई." तिने पडद्याची कड बोटांनी चाचपली. मग म्हणाली, "मंग पुन्हा काढून द्या न. घाई नाई. धान निघाल्यावर काढा."

धान निघाल्यावर बाबांनी काढायला घेतलं. काकूच्या घरी, आतल्या भिंतीवर, चुन्याच्या हातावर. काकू चुलीपाशी बसून पाहत होती. पूर्ण झाल्यावर ती उठली, जवळ आली. "चांगला हाये," म्हणाली, "पन हे नोहे." बाबांनी पुसलं. दुसऱ्यांदा काढला. तिसऱ्यांदा पुठ्ठ्यावर. कमरेवरचा हात तोच, दुपट्टा तोच, मान वाकडी, आणि माणूस कोणीतरी वेगळाच. "तवा हात आपोआप गेला होता, वैनी," बाबा म्हणाले. "तवा मी त्याले काढून नोहतो राह्यलो. सगळ्याइले काढून राह्यलो होतो, तो मंधात आला." त्या हिवाळ्यात ब्रह्मपुरीकडच्या दोन लग्नघरांतून बोलावणं आलं. बाबांनी निरोप पाठवला, हात दुखते. पुढच्या पोळ्याला गावच्या बैलांची शिंगं ज्याने त्याने नुसती गेरूने रंगवली. सरस उकळायचा डबा मायने कोंबड्यांच्या पाण्याला घेतला. मला कोणीही काही म्हटलं नाही. माय, जी वाऱ्यालाही बोल लावायची, तिनेही घाटावरच्या त्या सकाळनंतर तो विषय काढला नाही. त्यावरून मला कळायला हवं होतं.

मी बी.ए. झाले, मग बी.एड., मग वरोऱ्याकडच्या एका शाळेत लागले. बाबांनी मोहल्ल्यात पेढे वाटले. काकूने मला ओवाळलं. पहिल्या पगारात मायला लुगडं घेतलं, बाबांना सायकल, आणि एक काम मनात धरलं होतं ते केलं. चंद्रपुरात एक फोटोवाला मेलेल्या माणसांचे फोटो करून द्यायचा. घरातल्या जवळच्या माणसाचा फोटो द्यायचा, कपाळ कसं, मिशी कशी ते सांगायचं. तो त्यावर रंग भरून, कोट-टोपी चढवून, मोठी तसबीर करून द्यायचा. लटारीकाकाच्या धाकट्या भावाचा फोटो मी मिळवला. जे आठवलं ते सगळं सांगितलं. मान डावीकडे थोडी, हे दोनदा सांगितलं. तो म्हणाला, मान सरळच चांगली दिसते, मॅडम. मी म्हटलं, बरं.

सोनेरी पट्टीची तसबीर घेऊन मी काकूच्या घरी गेले. आता विचार करते तेव्हा वाटतं, माझी चाल त्या दिवशी कशी असेल: काहीतरी फेडायला निघालेल्या माणसाची. काकूने हात पुसले, तसबीर मांडीवर घेतली, काचेवरून पदर फिरवला. खूप वेळ पाहिलं. मीही तिच्याकडे पाहत राहिले.

"मस्त हाये वो," ती म्हणाली. "मोठा साहेबावानी मानूस दिसते." मग मान वर केली. "कोन होय हा, सुनंदे?"

"काका होय," मी कसंबसं म्हटलं. "लटारीकाका."

तिने पुन्हा खाली पाहिलं. माझं तोंडही पाहिलं असावं.

"हो का," ती म्हणाली. "हो. असन. आता नीट पाह्यलं." आणि उठून भिंतीत खिळा शोधायला लागली. देवाच्या शेजारी, उजेड येतो त्या बाजूला तसबीर लावली. मला चहा दिला. जाताना म्हणाली, "येवढा खर्च कायले केला वो, लेका."

मी तिला त्या दिवशी सांगणार होते. सरस कच्चा नव्हता, हे एवढंच वाक्य होतं. ते मी वरोऱ्याहून पाठ करत आले होते.

नंतर एकदा पितरांच्या दिवसांत मी गावी होते. सकाळी काकूच्या घरात डोकावले. तिने पान वाढलं होतं: भात, लाखोरीचे वडे, वाटीत झिंग्याचं कालवण, लटारीकाकाला आवडायचं तसं. तसबीर पुसलेली होती, तिला झेंडूची माळ घातली होती. पण पान तसबिरीपुढे नव्हतं. ते तिने मागच्या दाराच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं, तलावाच्या बाजूला, आणि ती पानाशेजारी तसबिरीकडे पाठ करून बसली होती. मला पाहून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बस वो," ती हळूच म्हणाली. "ते जेवून राह्यले."